इंग्लंडमध्ये पीजीसीई (पदव्युत्तर शिक्षक-प्रशिक्षण): जाण्याआधी काय उरकावं?

प्रश्न: सप्टेंबरपासून लीड्सला पीजीसीई, माध्यमिक गणित. कागदपत्रं आणि खोली, दोन्हींबद्दल सांगा.

उत्तर १: पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा पोर्टलवरून इथूनच काढा. तिकडच्या डीबीएस तपासणीला (शाळेत काम करण्याआधी गुन्ह्यांची नोंद पाहतात ती) मागच्या 5 वर्षांचे सगळे पत्ते लागतात, होस्टेलसकट. मधे महिन्याभराची फट राहिली तरी फॉर्म अडकतो आणि शाळेत जाणं लांबतं. कुठून कधी हललात ते महिना-वर्षासकट आत्ताच लिहून ठेवा.

उत्तर २: विद्यापीठाला चिकटून खोली घेऊ नका. प्रशिक्षणातले किमान 120 दिवस शाळांमध्येच जातात, त्याही किमान दोन, आणि त्या कुठल्या हे बऱ्याचदा उशिरा कळतं. बस किंवा रेल्वे स्टेशनजवळची खोली बरी. दोन बस बदलून सकाळी आठच्या आत पोचायचं म्हणजे हालच.

प्रश्नकर्ता: सोबत पार्ट-टाइम काम?

उत्तर १: स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास. शाळेतलं प्रशिक्षण त्यात धरत नाहीत. पण पाठ-आराखडे लिहिता लिहिताच रात्र होते, त्या कमाईच्या भरवशावर जाऊ नका.

उत्तर ३: फळ्यावर 1,00,000 लिहाल तर वर्ग गोंधळेल, तिथे 100,000. आणि स्टाफरूममधला कप विचारल्याशिवाय उचलू नका, तो कुणाचा तरी असतोच!