अनुभव धागा : मूळचे दुसऱ्याच खेळाचे, तरी फुटबॉल बघता?

क्रिकेटचे, कबड्डीचे, हॉकीचे पक्के चाहते असूनही रात्री-अपरात्री फुटबॉल लावून बसणारे इथे बरेच आहेत. तुम्हाला त्यात काय सापडलं ते लिहा. विनंती एकच : 'कुठला खेळ श्रेष्ठ' हे भांडण इथे नको, त्याला बाकी जग मोकळं आहे. आपल्या खेळाने लावलेली कुठली सवय फुटबॉल बघताना कामी आली, किंवा नडली, ते वाचायला आवडेल.

पाचवा दिवस

मी कसोटी क्रिकेटवर वाढलोय, त्यामुळे बरोबरीचं मला कधीच वावडं नव्हतं. शेवटची जोडी तासभर तग धरून सामना वाचवते, त्यात ज्याला मजा येते त्याला २०१८ च्या विश्वचषकातली आइसलँड-अर्जेंटिना लढत समजावून सांगावी लागत नाही. १-१. आइसलँडचा पहिलाच विश्वचषक. अख्ख्या देशाची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे कोल्हापूर शहरापेक्षा कमी. गोलरक्षक हाल्डोर्सन हा चित्रपट आणि जाहिरातींचा दिग्दर्शक, आणि त्याने मेस्सीची पेनल्टी अडवली!

पण मला त्या पेनल्टीपेक्षा बाकीचा खेळ आवडला. चेंडू बहुतेक वेळ अर्जेंटिनाकडे. आइसलँडवाले दोन ओळी करून उभे. चेंडू डावीकडे गेला की दोन्ही ओळी डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. मोह होऊन कुणी बाहेर धावत नाही. ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू सत्रभर सोडणारा सलामीवीर ज्याने मन लावून पाहिलाय, त्याला यात कंटाळा येणं शक्य नाही.

नडतं ते असं की क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये बोलायला वेळ मिळतो. 'पॉइंट मागे घेतलाय बघ, आता आखूड टाकणार.' इथे तोंड उघडेपर्यंत गोष्ट घडून गेलेली असते. शिवाय आपल्याकडे प्रत्येक चेंडूची वहीत नोंद होते. फुटबॉलमध्ये एखादा बॅक, म्हणजे बचावपटू, तीस मीटर उलटा धावत येतो, पास निघण्याआधीच जागा बंद करतो, आणि धावफलकावर त्याचं काही म्हणजे काही उमटत नाही. शाळेच्या सामन्यांची स्कोअरवही लिहिलेल्या माणसाला हा अन्याय वाटतो.

चहा-बिस्कीट

४५ मिनिटं सलग खेळ. षटक संपलं की पानमसाल्याची जाहिरात, तसलं काही नाही. माझं एवढंच कारण आहे आणि ते पुरेसं आहे.

निदानरेषा

गिरणगावात कबड्डी खेळायचो, डाव्या कोपऱ्यावर. आम्हाला शिकवलेली पहिली गोष्ट : चढाईपटूच्या हाताकडे बघू नको, कमरेकडे बघ. हात-पाय फसवतात, कंबर नाही. त्यामुळे कडेने चाल करणारा विंगर आणि त्याला अडवणारा फुलबॅक समोरासमोर आले की मला बाकी मैदान दिसतच नाही. चांगला बॅक अंगावर जात नाही. अर्धा वळून उभा राहतो आणि विंगरला बाहेरच्या रेषेकडे रेटतो, कारण रेषासुद्धा बचाव करते. घाईने पाय घातला की तो गेलाच. आमच्याकडे घाईने घोट्यात हात घातला की तेच.

२०१९ ची चॅम्पियन्स लीगमधली लिव्हरपूल-बार्सिलोना उपांत्य लढत आठवते? पहिला सामना लिव्हरपूल ०-३ हरलेलं, घरच्या मैदानावर ४-० जिंकलं. चौथ्या गोलाच्या वेळी अलेक्झांडर-आर्नॉल्ड कॉर्नरपासून निघाल्यासारखा दोन पावलं लांब झाला, बार्सिलोनावाले गाफील दिसताच गर्रकन फिरला आणि चेंडू आत मारला. ओरिगीने तो जाळ्यात टाकला. शेजारचे क्रिकेटवाले विचारतात, 'हे चालतं?' अहो चालतं! परत निघाल्यासारखं दाखवून मागे लाथ मारणारे चढाईपटू आम्ही लहानपणापासून बघतोय.

पेठेतली

आमच्या कोल्हापुरात कुस्ती आणि फुटबॉल वेगळे काढायचे कसे? तालीम म्हटलं की बाहेरच्यांना लाल माती आठवते, आणि आम्ही पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावं शाहू स्टेडियमवर फुटबॉलसाठी ओरडतो. आजोबा कुस्तीतले. मैदानावर ते एकच गोष्ट बघायचे, खांद्याला खांदा लागल्यावर हललं कोण. गोल कुणी केला ते घरी आल्यावर आम्हाला विचारायचे! २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा टीव्हीसमोरून उठले नाहीत. शेवटी मत दिलं, 'पोरगं बुडातनं घट्ट हाय.'

मडगावकर

आमच्या गोव्यात असा धागा क्रिकेटवाल्यांना काढावा लागेल.

शॉर्ट कॉर्नर

माझा सूर वेगळा आहे. हॉकीने ऑफसाइडचा नियम (बचावफळीच्या पलीकडे आधीच जाऊन उभ्या गड्याला पास चालत नाही, तो) नव्वदच्या दशकातच काढून टाकला. फुटबॉलमध्ये तो आहेच, वर घड्याळ चालू ठेवून आघाडीवरच्या संघाचा गडी गवतावर लोळतो. चीड येते.

तरी २०२२ च्या विश्वचषकाचा अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना बघितला आणि गप्प झालो. ८० व्या मिनिटापर्यंत फ्रान्स ०-२ मागे आणि निष्प्रभ, मग एम्बापेचे दोन मिनिटांच्या आत दोन गोल, जादा वेळेत ३-३. अगदी शेवटी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा गोलसमोर, आणि अर्जेंटिनाचा गोलरक्षक मार्टिनेझने डावा पाय लांबवून चेंडू अडवला. हा तर हॉकीच्या गोलरक्षकाचा बचाव! पॅड नसताना केला, एवढाच फरक. पुढचं पेनल्टी शूटआउट मात्र मला अजून पटत नाही. हॉकीत आठ सेकंदांत गोलरक्षकाला चकवावं लागतं, त्यात खेळ तरी आहे.

पश्चिम रेल्वे

टीव्हीवर कंटाळणाऱ्यांनी मैदानात जाऊन बघा. क्रिकेट टीव्हीवर जास्त कळतं, फुटबॉलचं उलटं आहे : कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि खरी धावपळ चौकटीबाहेर राहते. जून २०१८ मध्ये भारताचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्रीने 'शिव्या द्यायला का होईना, पण मैदानात या' अशा अर्थाचं आवाहन केलं, म्हणून अंधेरीला केनियाविरुद्धचा सामना बघायला गेलो. त्याचा शंभरावा सामना, वरून मुसळधार पाऊस, मैदान खच्चून भरलेलं. भारत ३-० जिंकला, दोन गोल छेत्रीचे. पण तो चेंडू नसताना काय करतो ते मी पहिल्यांदा पाहिलं : सारखा मान वळवून मागे बघत असतो.

तिकीट काढताना गोलामागची जागा घेऊ नका. बाजूची, जमेल तितकी वरची घ्या. पावसाळ्यात छप्पर आहे का तेही विचारा.