व्हॅल्प्रोएट: काचेच्या बशीत आणि डोक्यात

व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधामुळे फिटबरोबर मेंदूतला ट्यूमरही आटोक्यात येतो, असा एक दावा आहे. हे अगदीच हवेतलं नाही. पेशीत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती रिळासारखा गुंडाळलेला असतो. ही गुंडाळी घट्ट करणाऱ्या एचडॅक या एन्झाइमला व्हॅल्प्रोएट अडवतं. गुंडाळी सैल झाली की गप्प बसलेली जनुकं जागी होतात आणि ग्लायोब्लास्टोमाच्या (मेंदूच्या एका आक्रमक कर्करोगाच्या) पेशींचं विभाजन मंदावतं. पण हे घडतं प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत. तिथे औषध हवं तेवढं ओतता येतं. रक्तात मात्र त्याचा बहुतेक भाग प्रथिनांनाच चिकटून बसतो.

2011 मध्ये एका मोठ्या चाचणीचे जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधासोबत व्हॅल्प्रोएट घेणारे रुग्ण जास्त जगल्याचं दिसलं. सगळे हुरळले. मग 2016 मध्ये चार चाचण्यांतल्या 1869 रुग्णांचे आकडे एकत्र केले आणि फायदा गायब! लेव्हेटिरासिटाम या फिटच्या दुसऱ्या औषधाचाही तोच निकाल.

मला जास्त रस आहे तो 2019 च्या शोधात. ग्लायोमाच्या (ग्लायोब्लास्टोमा ज्या गटात येतो, त्या मेंदूच्या ट्यूमरच्या) पेशी शेजारच्या न्यूरॉन्सशी, म्हणजे चेतापेशींशी, चक्क सिनॅप्स (संदेश देण्याघेण्याचे सांधे) जोडतात आणि त्यांच्या ग्लुटामेट या रसायनाच्या संदेशांवर पोसतात. पेराम्पॅनेल हे फिटचं औषध हे संदेश झेलणारा पेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर) बंद करतं. उंदरांत त्याने ट्यूमरची वाढ कमी झाली. (उंदीर काय, सगळ्यानेच बरे होतात म्हणा.)

म्हणून ट्यूमरसाठी फिटची गोळी बदलून मागू नका. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही फिटची औषधं यकृताची एन्झाइम्स वाढवून डेक्सामेथासोनचा (मेंदूची सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा) असर घटवतात, तर व्हॅल्प्रोएट प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी करतं, आणि टेमोझोलोमाइडही तेच करतं.