आत्याच्या विणकामाच्या जुन्या पुस्तकांचं मोल कसं ठरवावं? (नागपूर)

धरमपेठकर
नमस्कार मंडळी. माझी आत्या विणकाम शिकवायची. ती गेल्यावर महाल भागातल्या घरातलं तिचं पुस्तकांचं कपाट माझ्याकडे आलं. हातमाग, रंगाई, ठसेछपाई, भरतकाम, थोडं सुतारकाम. मराठी, हिंदी, इंग्रजी, काही गुजराती. बरीचशी आता छापली जात नाहीत. जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याने घरी येऊन सगळ्यांची मिळून एक रक्कम सांगितली आणि आठ दिवसांत कळवा म्हणाले. पुस्तकं विणकामाच्या माणसांच्या हाती जावीत, निदान त्यातली मोलाची तरी टिकावीत, असं मला मनापासून वाटतं. पण मोलाची कोणती हेच ओळखता येत नाही. नेटवर एकाच पुस्तकाच्या किमतीत दहापट फरक दिसतो. शिवाय एक वही आहे. तिच्यात कापडाचे तुकडे चिकटवलेत आणि शेजारी आत्याच्या हातचे विणीचे आलेख काढलेत. कुठून सुरुवात करू?

जुनंपान
ताई, सरसकट सौदा अजिबात करू नका. अशा सौद्यात विक्रेता दोन-चार पुस्तकांसाठी पैसे देतो आणि बाकीची फुकट नेतो. आधी यादी करा.

यादी करताना वर्ष नीट बघा. जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा शके छापलेला असतो, त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शके १८६१ म्हणजे १९३९. ‘दुसरी आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ वेगळं लिहा. वर्ष मुखपृष्ठामागे नसेल तर प्रस्तावनेखाली सापडतं.

आता खरी गोष्ट. कादंबरीचं एक पान फाटलं तरी ती वाचता येते. विणकामाच्या पुस्तकातला घडीचा तक्ता गेला की ते पुस्तक निम्मं संपलं. मागच्या पुठ्ठ्याला खिसा असेल तर त्यात नमुन्यांचे तक्ते आहेत का पाहा. चित्रसूची घेऊन एकेक चित्रपान मोजा. काही विक्रेते रंगीत चित्रपानं कापून, चौकटीत बसवून सुटी विकतात. १८८४ ते १९१७ दरम्यान निघालेल्या ‘जर्नल ऑफ इंडियन आर्ट अँड इंडस्ट्री’च्या रंगीत शिळाछाप (दगडावरून छापलेल्या) चित्रांचं असंच होतं. पुस्तक कापणाऱ्याच्या हाती देऊ नका, दोन पैसे कमी मिळाले तरी चालेल. ते एकदा कापलं की परत होत नाही.

नेटवर दिसते ती मागितलेली किंमत. जे पुस्तक त्या किमतीला वर्षानुवर्षं पडून आहे, ते त्या किमतीला कोणाला नको आहे. झालेल्या विक्रीचे आणि लिलावाचे आकडे शोधा.

आणखी एक. नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होतं, आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची. त्यामुळे त्या काळची सरकारी प्रकाशनं इथल्या घरांतून निघतात. साधा करडा पुठ्ठा आणि कोरडं शीर्षक बघून लोक ती बाजूला टाकतात. इंग्रजांच्या काळात प्रांतवार एकेका कारागिरीवर मोनोग्राफ निघाले, पुढे १९६१च्या जनगणनेसोबत हस्तव्यवसायांच्या पाहण्या झाल्या. यातल्या बऱ्याच आता स्कॅन होऊन फुकट वाचायला मिळतात, म्हणून वाचणाऱ्याच्या लेखी किंमत उतरते. पण चित्रांसह धड असलेली मूळ प्रत संग्राहकाला हवीच असते.

धरमपेठकर
खूप आभार दादा. काही अगदी पातळ पुस्तिकाही आहेत, हाताने सूत कातायची तकली आणि त्यासाठीचे कापसाचे पेळू यांवरच्या, वर्ध्याच्या. कागद इतका हलका की हात लावताना भीती वाटते. त्यांना काही अर्थ आहे का?

जुनंपान
आहे ना! वर्ध्याला १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, १९३८ साली मगन संग्रहालय उघडलं. त्या काळात कताईचं बरंच साहित्य पुस्तिकारूपात निघालं. ते लोकांनी वापरून फाडलं, म्हणून आज कमी दिसतं. पैसे फार येणार नाहीत, पण माझ्या दृष्टीने तुमच्या कपाटातला तोच भाग सगळ्यात आधी जपायचा. वर्धा इथून ७५ किलोमीटरवर. एखाद्या रविवारी जाऊन संग्रहालयात दाखवून या.

टसरवाला
ताई, वहीबद्दल सांगतो. ते वही कोनालेच विकू नका. माह्या आज्याचा माग होता, म्हणून जीव तुटते. त्या आलेखात काठाले करवतीसारखे दाते दिसतात का ते पाहा. दिसले तर ते करवत काठीचं, म्हणजे आपल्या इकडच्या टसर साडीच्या काठाचं काम आहे. आडवा धागा नेणारे धोटे, दोन काठांचे दोन अन् अंगाचा एक, असे तीन धोटे लागतात त्याले. हे पुस्तकात कमीच सापडते, विणणाऱ्याच्या हातात असते. नागपुरात केंद्र सरकारचं विणकर सेवा केंद्र आहे, तिथं घेऊन जा. पण वही ठेवून येऊ नका. फोटो काढू द्या अन् वही परत घरी आणा.

जुनंपान
टसरवाल्या भाऊंशी शंभर टक्के सहमत. कापडाचे नमुने लावलेल्या पुस्तकांचं मोल पूर्वीपासून आहे. फोर्ब्स वॉटसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८६६ साली भारतीय कापडांचे १८ खंड काढले. त्यात ७०० खरे तुकडे होते आणि संच फक्त २० झाले, त्यातले ७ भारतात ठेवले. तुमची वही तर एकच आहे. तुकडा सुटत असेल तर डिंक लावू नका, आहे त्या पानावर पातळ कागदाच्या पाकिटात ठेवा.

पुस्तकांची_काकू
जपण्याबद्दल मी सांगते, ग्रंथालयात नोकरी झाली आहे माझी. नागपुरात सगळ्यात मोठा शत्रू कूलर. कपाट कूलरच्या झोतात असेल तर पानं लहरी धरतात आणि बुरशी येते. पश्चिमेच्या भिंतीलाही नको, मे महिन्यात ती भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते आणि जुना कागद ठिसूळ होतो. उन्हात वाळवायची पद्धत सोडा, रंगीत चित्रं फिकी पडतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. नवीन बांधणीचा मोह होईल, पण मूळ पुठ्ठा गेला की किंमत उतरते, त्यामुळे शिवण सुटली असेल तर नुसती सुती फीत बांधून ठेवा. कसर लागलेलं पुस्तक आधी वेगळं काढा.

दान करायचं ठरलं तर यादीवर ग्रंथपालांची सही घ्या आणि संग्रह एकत्र राहील का ते लेखी विचारा. मराठी पुस्तकांसाठी झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात विचारून पाहा.

धरमपेठकर
काकू, कपाट कूलरसमोरच होतं, आजच हलवलं. त्या विक्रेत्यांना काय कळवू? आणि परदेशातून कोणी मागितलं तर?

जुनंपान
त्यांना सांगा, यादी झाल्यावर एकेका पुस्तकाचा भाव लिहून द्या. ज्याला खरंच पुस्तकं हवी आहेत तो थांबतो. ज्यांच्या दोन प्रती आहेत ती आधी विका, त्यातून भावाचा अंदाज येईल. परदेशी पाठवताना मात्र जपून. ७५ वर्षांहून जुनं ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित किंवा कागदपत्र १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते खासगी व्यक्तीला बाहेर पाठवता येत नाही. आत्यांनी वही कधी सुरू केली, पहिल्या पानावर तारीख आहे का?

धरमपेठकर
पहिल्या पानावर नाही, पण मधल्या काही आलेखांखाली तारखा दिसतायत. सगळ्या पानांचे फोटो काढून उद्या इथे टाकते. टसरवाले दादा, करवतीचे दाते तुम्हीच ओळखून सांगा.