नवीन अँटिबॉडी औषधं आपण शोधायची, की आहेत ती आधी रुग्णापर्यंत पोचवायची?

म्हसरूळकर (धागाकर्ता)

मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू थकवणारा), एनएमओ (डोळ्याच्या नसेवर आणि मज्जारज्जूवर घाव घालणारा), मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणजे एमएस (मेंदू आणि मज्जारज्जूचा). प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटल्याने होणारे हे आजार. गेल्या वीस वर्षांत या आजारांवर अँटिबॉडीची कितीतरी औषधं आली, पण आपल्या देशात शोधलेलं त्यात एकही नाही. दुसऱ्यांच्या औषधांची बायोसिमिलर, म्हणजे जवळपास तशाच प्रती, मात्र आपण झटपट आणतो. रिटुक्सिमॅबचं २००७ मध्ये हैदराबादहून आलं, अडालिमुमॅबचं २०१४ मध्ये अहमदाबादहून. त्यामुळे किमती उतरल्या हे मला मान्य आहे, पण तेवढ्यावर थांबायचं हे पटत नाही.

मायस्थेनियाचंच बघा. शरीर स्वतःच्याच स्नायूंवरच्या असिटिलकोलिन रिसेप्टरविरुद्ध (नसेचा संदेश झेलणाऱ्या प्रथिनाविरुद्ध) अँटिबॉडी तयार करतं. पापणी पडते, घास गिळवत नाही, संध्याकाळी केस विंचरायला हात वर जात नाही. रिटुक्सिमॅब ज्या बी पेशी (ज्यांच्यापासून पुढे अँटिबॉडी करणाऱ्या पेशी होतात) मारतं त्यांच्यावर सीडी-२० ही खूण असते. पण अँटिबॉडीचा मोठा साठा बाहेर सोडणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर ती खूणच नसते. याच प्रकारच्या मायस्थेनियावर अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निकाल २०२२ मध्ये आले. रिटुक्सिमॅबमुळे स्टिरॉइड कमी करता येईल ही आशा त्यात फोल ठरली. मस्क प्रकारात, जिथे अँटिबॉडी मस्क नावाच्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्ध असते, ते छान चालतं, पण ते रुग्ण थोडे.

मग बेल्जियममध्ये वेगळा विचार झाला. रक्तातली आयजीजी (अँटिबॉडीचा मुख्य प्रकार) तीनेक आठवडे टिकते, कारण एफसीआरएन नावाचा रिसेप्टर तिला मोडीत जाण्यापासून वाचवतो. तोच अडवला तर? त्यातून एफगार्टिजिमॉड आलं, डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि ते आयजीजी साधारण ६० टक्क्यांनी खाली आणतं. असा विचार करणारी माणसं आपल्याकडेही आहेत, त्यांच्यामागे उभं कोणी राहत नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथे नाशकात म्हसरूळला आहे, राज्यभरची वैद्यकीय महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. या रुग्णांच्या सीरमची (रक्तातल्या द्रवाची) बँक आणि नोंदवही इथून सुरू करावी, असं निवेदन आम्ही काही जण देणार आहोत. तुमचं मत हवं आहे.

सिन्नरची लेक

दादा, मनापासून लिहिलंय तुम्ही, पण माझा विरोध आहे.

माझ्या बहिणीला एनएमओ आहे. सुरुवातीला तिला एमएस सांगितलं आणि इंटरफेरॉन चालू केलं. एनएमओमध्ये इंटरफेरॉनने आजार बळावू शकतो हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार? एका डोळ्याची नजर गेल्यावर कुठे अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी झाली. ती अँटिबॉडी २००४ पासून माहीत आहे! म्हणजे शोध लागलेला होता, तो आमच्या तालुक्यापर्यंत आला नाही इतकंच.

आणि एनएमओमध्ये हेच जुनं रिटुक्सिमॅब काय करतं ते पण सांगा ना. जपानमध्ये ३८ रुग्णांवर चाचणी झाली. ज्या १९ जणांना ते मिळालं त्यांच्यापैकी एकालाही झटका आला नाही, दुसऱ्या गटात १९ पैकी ७ जणांना आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये एमएससाठीसुद्धा ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आधी हे तरी प्रत्येक गरजूला वेळेवर मिळू द्या. तुमचं ते एफगार्टिजिमॉड दर आठवड्याला एक असं चार वेळा, आणि लक्षणं परतली की पुन्हा तेच चक्र. ते शेतमजुराच्या घरात कसं निभणार?

अंबड एमआयडीसी

औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे, म्हणून थोडं लिहितो. अँटिबॉडी गोळीसारखी रसायनं मिसळून होत नाही. हॅम्स्टरच्या अंडाशयातल्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवायच्या, त्यांच्याकडून प्रथिन करून घ्यायचं. तापमान, आम्लता, खाद्य यात जरा इकडेतिकडे झालं तरी प्रथिनावरची साखरेची साखळी बदलते आणि औषधाचा गुणही बदलू शकतो. बायोसिमिलर करणाऱ्यांनी हे हात बसवले, म्हणून पुढचं काही शक्य आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने रेबीजवरची मोनोक्लोनल अँटिबॉडी २०१६ मध्ये आणली, तीही अमेरिकेतल्या संस्थेबरोबर. भागीदारीत कमीपणा नाही. सगळं पहिल्यापासून आपणच करायचा हट्ट मला परवडणारा वाटत नाही.

पंचवटी, एम.डी.

दोघांनाही एक सांगते. आपल्याकडे क्षय घरोघरी पोचलेला आहे. टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) अडवणारी, अडालिमुमॅबसारखी अँटिबॉडी दिली की फुफ्फुसात कोंडून ठेवलेला क्षय मोकळा सुटू शकतो, कारण त्याची गाठ बांधून ठेवण्याचं काम टीएनएफ करतं. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी तपासावाच लागतो. युरोपात सुरक्षित ठरलेलं औषध आपल्या माणसांना तसंच मानवेल हे गृहीत धरू नका.

नवीन रेणूच्या बाबतीत तर जास्तच जपा. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन-१४१२ ही नवी अँटिबॉडी सहा निरोगी स्वयंसेवकांना दिली आणि सहाही जण काही तासांत अत्यवस्थ झाले. एमएसवरचं नॅटालिझुमॅब २००४ मध्ये आलं, मेंदूच्या पीएमएल संसर्गामुळे २००५ मध्ये थांबवलं, २००६ मध्ये कडक अटींवर परत आलं. अशा चाचण्या सांभाळणारी केंद्रं आपल्याकडे मोजकी आहेत. सीरम बँक जरूर करा, पण चाचणीची घाई नको.

म्हसरूळकर

डॉक्टर, घाई मीही म्हणत नाही. उलट क्षयाचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. आपल्या रुग्णांच्या अडचणी डोळ्यांपुढे ठेवून औषध बेतायचं तर ते इथेच बेतावं लागेल, बोस्टनमध्ये बसून कोण करणार?

ताई, तुमच्या बहिणीच्या बाबतीत झालं ते वाईटच झालं. पण रिटुक्सिमॅब घेऊनही ज्यांचे झटके थांबत नाहीत त्यांचं काय? एनएमओवरचं इनेबिलिझुमॅब सीडी-१९ ही दुसरी खूण धरतं, त्यामुळे प्लाझ्माब्लास्टही (प्लाझ्मा पेशींच्या अलीकडची पायरी) टिपले जातात. ते २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. अशा रुग्णांनी दुसऱ्या देशाच्या पेटंटची मुदत संपायची वाट बघायची का? कोलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये मोनोक्लोनल अँटिबॉडीची रीत शोधली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. सार्वजनिक पैशातून झालेलं संशोधन सगळ्यांच्या कामी येतं ते असं.

सिन्नरची लेक

वाट कोणीच बघू नये. पण सरकारचा पैसा एकच आहे आणि तो आधी कुठे जावा यावर आपलं जमणार नाही. निवेदनात अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मायस्थेनियाची तपासणी जिल्ह्यातच मोफत व्हावी, सिव्हिलला किंवा शालिमारच्या संदर्भ रुग्णालयात, हे पहिल्या क्रमांकावर घाला. नोंदवही दुसरी. एवढ्यावर माझी आणि बहिणीची सही घ्या. नव्या औषधाची मागणी वेगळ्या कागदावर करा, त्यावर आम्ही सही करणार नाही.