मासेवाली चालते, पण वजनच दिसत नाही (ब्लेंडर)

साखळीकर

नमस्कार. कॉलेजच्या शेवटच्या प्रोजेक्टसाठी ब्लेंडरमध्ये (थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) ४० सेकंदांचा एक सीन करतोय. डोक्यावर पाटी घेऊन मासेवाली अंगणात येते, पाटी सोप्यावर उतरवते, आजी बांगड्यांचा भाव विचारते, थोडी घासाघीस, संपलं. संवाद कोकणीतच आहेत. रिग (पात्र हलवायचा आतला सांगाडा) चांगला आहे, मॉडेलवर सगळे खूश आहेत, पण प्ले केलं की बाई पाण्याखाली चालल्यासारखी दिसते. पाटीत काही आहे असं वाटतच नाही.

रेफरन्स घेतलाय. बहिणीच्या डोक्यावर रिकामी पाटी दिली, फोनवर सेकंदाला ३० फ्रेमनं शूट केलं, तो व्हिडिओ मागे लावून फ्रेम बघून पोझ घेतल्या. सीन २४ वर आहे. ग्राफ एडिटरमध्ये हालचालीचे कर्व्ह सगळे गुळगुळीत केले, तरी तेच. आणि घासाघिशीत दोघी नुसती तोंडं हलवतात. आणखी काय करू?

पर्वरीकर_रिगर

ॲनिमेशनची १२ तत्त्वं परत एकदा वाचून काढ. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये लिहून ठेवलीयत, अजून सगळं त्यावरच चालतं. अँटिसिपेशन (हालचालीआधीची तयारी) वाढव, फॉलो थ्रू (थांबल्यावर मागून येणारी हालचाल) टाक. रिगमध्ये प्रॉब्लेम वाटत नाही.

लाइटबॉक्स_म्हापसा

तत्त्वं खरीच आहेत, पण यादी पाठ करून कोणाचं पात्र चाललेलं मी पाहिलं नाही. साखळीकर, तुझं दुखणं तूच लिहिलंयस. ३० नं शूट, २४ चा सीन. मागे लावलेला व्हिडिओ ब्लेंडर फ्रेमला फ्रेम धरतो, म्हणजे बहिणीचा १ सेकंद तुझ्याकडे सव्वा सेकंद झाला. अख्खी बाई संथ झालीय. व्हिडिओ आधी २४ वर कन्व्हर्ट करून घे, एकूण वेळ तेवढाच राहील असा, आणि मगच पुढचं बोल.

दुसरं, रिकामी पाटी. रिकाम्या पाटीखाली माणूस मान वळवतो, हसतो, हात मोकळे सोडतो. भरलेली असली की मान फिरत नाही, डोळे फिरतात. फारच झालं तर अख्खं धड वळतं. आजीनं बाजूनं हाक मारली की तुझी मासेवाली मान वळवते का? वळवत असेल तर तिथंच पाटी रिकामी झाली. बहिणीची मान सांभाळून पाच-सहा किलो तांदूळ घाल आणि परत शूट कर. छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजनं १८८७ मध्ये हालचालींचे ७८१ फोटोपट छापले, त्यात डोक्यावर टोपली घेतलेल्या बायकाही आहेत. नेटवर फुकट मिळतात, तेही काढून बघ.

साध्या चालीत डोकं वर-खाली होतं. ओझं असलं की ते वर-खाली गुडघे आणि कंबर गिळून टाकतात, पाटी जवळजवळ सरळ रेषेत जाते. तू वरचा भाग सपाट केला असशील तर बरोबर, पण मग खालचं काम दिसायला हवं. टाच टेकली की पुढच्या दोन-तीन फ्रेममध्ये गुडघा दबला पाहिजे आणि कंबर त्या पायावर सरकली पाहिजे. पाऊल लहान ठेव. नेहमीचं १२ फ्रेमचं असतं, तू १० वर करून बघ. टेकलेला पाय जमिनीवर घसरतोय का तेही तपास.

पाटी उतरवताना हात फक्त धरतात, खाली नेतात ते गुडघे. आधी पाय फाकतात, दोन्ही हात काठाला जातात, मग सहा-आठ फ्रेम काहीच हलत नाही. ती अंगात जोर गोळा करतेय. मग सगळं सावकाश खाली, आणि शेवटचं चार बोटं अंतर दोन फ्रेममध्ये धप्प. टेकल्याबरोबर ती ताठ होत नाही. कंबर वर येते, मग खांदे, मान सर्वांत शेवटी. चुंबळ डोक्यावरच राहिलेली असते. ती काढून तिनंच घाम पुसू दे. पाटी जड होती हे सांगायला तेवढं पुष्कळ झालं.

कर्व्ह गुळगुळीत केलेस हा निम्मा घोळ. ब्लेंडर आपणहून प्रत्येक पोझकडे हळू पोचवतो आणि हळूच सोडतो, त्यावर तू आणखी इस्त्री केलीस. सगळ्या की-फ्रेम (पोझ नोंदवलेल्या फ्रेम) कॉन्स्टंट करून टाक, म्हणजे मधली सरक बंद. पोझ टकाटक बदलतानाही गोष्ट कळत असेल तरच पुढं जा.

आता घासाघीस. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ये, फोन खिशात ठेव आणि नुसतं बघ. भाव उतरवायचा नाही असं ठरलं की मासेवाली बोलत नाही. बांगड्यांवर पाण्याचे दोन शिंतोडे मारते आणि फडकं ओढून पाटी झाकायला घेते. निम्मी झाकून झाली की गिऱ्हाईक बोलतं. तुझा सीन त्या फडक्यात आहे. आजीनं कमी भाव सांगितला: मासेवालीचे डोळे बांगड्यांवर, एक पापणी, मग हात फडक्याकडे. डोळे आधी, दोन-तीन फ्रेमनं चेहरा, हात त्याच्याही मागून. पापणी उगाच दर सेकंदाला मिटवू नकोस, विचार बदलला की मिटव. आणि दोन्ही हात एकाच फ्रेमला एकाच उंचीवर उचलू नकोस, हे तर सगळेच करतात.

पेडण्याचा_संकासूर

लाइटबॉक्सबाईंचं पटलं, पण फडकं दिसेल का ते आधी बघ. आमच्या दशावतारात शेवटच्या रांगेतल्याला कळेल अशी पोझ घ्यावी लागते. दोन्ही पात्रं व्ह्यूपोर्टमध्ये (सीन दिसतो त्या खिडकीत) ठार काळी कर. हात धडावरच आला तर काळ्यावर काळं, काहीच कळणार नाही. कॅमेरा थोडा बाजूला घे, म्हणजे झाकणारा हात बाहेर दिसेल.

आणि साखळीत राहून घोडेमोडणीचा नाच बघितला असशीलच. पुढच्या शिगम्यात नाचणाऱ्याच्या कंबरेकडे बघ. लाकडी घोडा कमरेलाच बांधलेला, त्यामुळं कंबर हलली की घोडा हलणार. तलवारीचा हात कितीही फिरवा, कंबर ढिली तर घोडा मेलेला.

साखळीकर

व्हिडिओ २४ वर आणला, चाल लगेच अंगावर आली. पाटीचं आज रात्री बसतो. एक राहिलं: लिपसिंकमध्ये (आवाजाला ओठ जुळवताना) 'बाये, बांगडे' हे दोन शब्द सारखे चुकल्यासारखे वाटतात. ओठ आवाजाच्या फ्रेमवर बरोबर बसवलेत.

लाइटबॉक्स_म्हापसा

बरोबर बसवलेस म्हणूनच. 'ब' साठी ओठ आधी मिटावे लागतात. आवाजाच्या आधी दोन फ्रेम पूर्ण बंद ठेव, एकच फ्रेम ठेवलीस तर डोळ्याला लागत नाही. उघडं तोंडही आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आलं तर चालतं, मागून आलं तर खटकतं. 'ग' ला ओठांचं काम नाही, तो सोडून दे. फडक्याचा शॉट झाला की इथं टाक.