मदत हवी आहे: सूटच्या कोटाचं खालचं बटन लावायचं की मोकळं सोडायचं?

धागाकर्ता:
मंडळी, प्रश्न किरकोळ आहे, पण घरात दोन तट पडलेत. मे महिन्यात धाकट्या भावाचं लग्न आहे, अमळनेरला. हळद आणि लग्न आपल्या नेहमीच्या कपड्यांत, रिसेप्शनला मात्र त्याला सूटच हवा होता. जळगावला फुले मार्केटमधून कापड घेतलं आणि तिथल्याच एका टेलरकडे टाकलं. दोन बटनांचा कोट, आत वास्कोट, पॅन्ट.

ट्रायलला मास्तर म्हणाले, "वरचं एकच लावा, खालचं कधीच नाही." नाना तिथल्या तिथे म्हणाले, "मग काज पाडलं कशाला? तेवढे पैसे कमी करा." काकांचा हुकूम तर सरळ अहिराणीत आला, "बठ्ठा बटन लाई ले, भो!" म्हणजे सगळी बटनं लाव. त्यांच्या मते बटन उघडं म्हणजे पोरगा घाईत कपडे चढवून आल्यासारखा दिसतो.

भावाची अडचण वेगळीच आहे. स्टेजवर सोफा असणार. पाहुणे आले की उठायचं, फोटो काढायचा, परत बसायचं. दर वेळी बटन काढघाल करायची का? आणि वास्कोटाचं काय? जाणकारांनी सांगा, नानांना दाखवायचं आहे.

सुईदोरा:
मास्तर बरोबर आहेत, आणि नानांच्या प्रश्नाला उत्तरही आहे. दोन बटनांचा कोट बेततानाच वरच्या बटनाशी कमरेत घेतलेला असतो आणि तिथून खाली दोन्ही पुढे, म्हणजे कोटाचे समोरचे दोन भाग, बाहेरच्या बाजूला गोलाईत कापलेले असतात. खालचं बटन त्या गोलाईत येतं. ते ओढून लावलं की मांड्यांपाशी कापड ताणतं, खिसे उघडे पडतात आणि चालताना कोट वर चढतो. काज असतं ते शोभेपुरतं. नानांना सांगायचं नको, आरशासमोर उभं करून एकदा खालचं बटन लावून दाखवा आणि एकदा सोडून. ते कपड्यालाच विचारतील.

तीन बटनांचा असेल तर मधलं लावायचंच, वरचं मर्जीवर, खालचं नाही. पण कॉलरची घडी वरच्या काजाच्याही खाली वळलेली असेल, तर फक्त मधलं. एकाच बटनाचा असेल तर प्रश्नच मिटला, उभं राहिल्यावर ते लावायचं.

सुईदोरा:
सोफ्याचं राहिलं. बसताना बटन काढायचं, उठताना लावायचं, हाच रिवाज. लावून बसलं की कोट छातीपाशी फुगतो, कॉलर मानेपासून सुटते, आणि अल्बममध्ये नवरदेव गळ्यापर्यंत कोटात बुडालेला दिसतो. एका हाताने लावायची सवय आत्तापासून करायला सांगा. रिसेप्शनला अर्ध्या तासात हात आपोआप तिथे जातो.

तापीकाठ:
थांबा, त्याने आत वास्कोट घातलाय ना? मग काढघाल हवीच कशाला? तीन पीसमध्ये कोट उघडा ठेवला तरी चालतं, पोट-छाती वास्कोटाने झाकलेली असते. मुख्य फोटोंना कोटाचं वरचं बटन लावा, बाकी वेळ मोकळा सोडा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ च्या पुढे जातो, एवढी सवलत घ्याच.

वास्कोटाचंही शेवटचं बटन उघडंच ठेवतात. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड, ज्याची कारकीर्द १९०१ ते १९१०, त्याचं पोट सुटलं म्हणून तो ते लावत नसे आणि दरबाऱ्यांनी त्याची री ओढली, असं सांगतात. खरंखोटं राजा जाणे. आणि वास्कोटाखाली जाड बकलाचा पट्टा नको, पुढून उंचवटा दिसतो.

भरीतप्रेमी:
वरण-बट्टीच्या पंगतीला कोट काढून मामाच्या हातात द्यायचा. एवढाच नियम मला माहीत आहे.

धागाकर्ता:
हे भारी झालं. नानांनी आरशाचा प्रयोग केला आणि काही न बोलता चहा मागवला. आता काका म्हणतात, "मग माझ्या जोधपुरीचंही खालचं सोडू का?" आणि मामांकडे जुना डबल ब्रेस्टचा कोट आहे, तो ते नेहमी उघडाच घालतात. शिवाय भावाचं वरचं बटन लावलं की तिथून चारी बाजूंना चुण्या पडतात.

सुईदोरा:
काकांना सांगा, त्यांचा हुकूम त्यांच्या कोटाला लागू आहे. बंद गळ्याच्या जोधपुरीची सगळी बटनं लावायची, बसल्यावरही. उकडतं म्हणून गळ्याशी उघडलं की त्याचा डौल गेला.

मामांचं उलट आहे. डबल ब्रेस्टमध्ये एक पुढा दुसऱ्यावर बराच आत जातो. उघडा सोडला की ते जास्तीचं कापड दोन्हीकडे लोंबतं. तो बंदच ठेवायचा, बसतानाही. आतल्या बाजूला एक लपलेलं बटन असतं, तेही लावा, नाहीतर आतला पुढा खाली घसरतो. बाहेरच्या सहांपैकी वरची दोन बहुतेक शोभेची असतात, सगळ्यात खालचं मोकळं चालतं.

भावाच्या चुण्या फुलीसारख्या दिसत असतील तर कोट कमरेत घट्ट आहे. मास्तरांकडे लग्नाआधी न्या. अर्धा इंच बटन सरकवणं हे मिनिटांचं काम आहे. तेवढ्याने भागलं नाही तर शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेली असते, तिथून सैल करतील. त्याच फेरीत कोटाच्या मागच्या चिरेवर पांढऱ्या दोऱ्याचा फुलीचा टाका राहिलाय का बघा. तो शिवताना, इस्त्रीला चीर जागेवर राहावी म्हणून घालतात. तो तसाच ठेवून स्टेजवर गेलेले मी पुष्कळ नवरदेव बघितलेत.

धागाकर्ता:
आत्ताच बघितलं, आहे तो टाका! ब्लेडने काढू का?

सुईदोरा:
ब्लेड नको, कापडाला लागतं. छोट्या कात्रीने फुलीच्या मधोमध कापा आणि दोरे आतून ओढून घ्या. बाहीवर कापडाच्या कंपनीची पट्टी असेल तर तीही उसवा.