विंडोज टाकताना हार्ड डिस्कच दिसत नाहीये, तातडीने मदत हवी आहे

उनाडवारा
लॅपटॉपला फॉरमॅट मारायचा आहे. पेनड्राइव्ह बूटेबल करून घेतला, त्यावरून सेटअप चालूही झालं. पण विंडोज कुठे टाकायचं ते विचारणाऱ्या पानावर यादी रिकामी. एकही ड्राइव्ह नाही, नेक्स्टचं बटण दबत नाही. व्हिडिओ बघून बघून डोकं उठलं, प्रत्येकात ती यादी आयती भरलेली असते. आज रात्रीत व्हायलाच हवं, उद्या काम द्यायचंय. जाणकारांनी लवकर सांगा. "रिस्टार्ट करून बघा" कृपया कुणी लिहू नका.

मितभाषी
लॅपटॉप कोणता? किती जुना?

जुनाखोड
डिस्क गेली, दुसरं काही नाही. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. आधी अधूनमधून गायब व्हायची, मग आतून टक टक आवाज, मग एके दिवशी कायमची. कान लावून ऐका. आवाज येत असेल तर वेळ न घालवता नवी घ्या.

उनाडवारा
आवाज कसला येणार, एसएसडी आहे, आत फिरणारं काही नसतं. ५१२ जीबी.

खटपट्या
मग सोपं आहे. सेटअप चालू असताना शिफ्ट धरून एफ१० दाबा, काळी खिडकी येईल. त्यात डिस्कपार्ट टाइप करा. मग लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क ०, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. बाहेर या, रिफ्रेश करा. एमबीआर आणि जीपीटी या पार्टिशनच्या दोन पद्धतींचा घोळ असतो हा, दरवेळी याच उपायाने सुटतो.

वाचनमात्र
थांबा, क्लीन मारू नका! खटपट्या, समोरच्याला आतला डेटा हवाय की नकोय हे तरी आधी विचारा. क्लीन म्हणजे अख्ख्या डिस्कचं पार्टिशन टेबल जातं, सी-डी सगळं एका झटक्यात.
आणि तुमचं निदानही जुळत नाही. एमबीआर-जीपीटीचं भांडण असलं तर ड्राइव्ह यादीत दिसतो, फक्त "या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही" असा इशारा खाली येतो. इथे यादीच रिकामी आहे.
उनाडवारा, तुम्ही फक्त लिस्ट डिस्कपर्यंत जा आणि जे दिसेल ते जसंच्या तसं इथे लिहा. पुढे एक अक्षर टाइप करू नका.

खटपट्या
फॉरमॅट मारायचाय म्हणतात म्हणजे डेटा नकोच असणार. आता काय प्रतिज्ञापत्र घ्यायचं का?

उनाडवारा
डेटा नकोय असं मी कुठे म्हटलं? सी उडाला तर उडू दे. डीवर सगळे फोटो आणि ऑफिसच्या फायली आहेत, त्याला हात लागता कामा नये. फॉरमॅट सीलाच मारतात, हे काय वेगळं सांगायचं असतं?
लिस्ट डिस्क केलं. एकच ओळ आहे. डिस्क ०, ऑनलाइन, १४ जीबी. म्हणजे डिस्क सापडली ना? पण ५१२ ची १४ कशी झाली? आता क्लीन करू?

वाचनमात्र
अहो नाही! तो तुमचा पेनड्राइव्ह आहे. १६ जीबीचा असणार. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून १६ चे १४ दिसतात. तुमची एसएसडी दिसली असती तर ४७६ असं आलं असतं. आत्ता डिस्क ० ला क्लीन मारणं म्हणजे बसलेल्या फांदीवरच कुऱ्हाड.
प्रोसेसर कोणता आहे?

पेंग्विनप्रेमी
एवढा ताप कशाला करून घेता? या निमित्ताने लिनक्स मिंट टाका. ड्रायव्हर शोधणं नाही, लायसन्स नाही, मध्येच अर्धा तास अपडेट नाही. कित्येकांना लावून दिलंय, एकही जण परत विंडोजकडे गेला नाही.

उनाडवारा
लिनक्स नको. ऑफिसचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. प्रोसेसर आय५.

मितभाषी
आय५ ची पिढी कोणती? आय५ च्या पुढचा पूर्ण नंबर द्या. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) पहिल्याच पानावर असतो.

जुनाखोड
विंडोज १० टाका, मी सांगतो. ११ म्हणजे नुसता दिखावा. १० च्या सेटअपला सगळ्या डिस्क दिसतात.

वाचनमात्र
१० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि या बाबतीत १० चं सेटअपही एवढंच आंधळं आहे.

उनाडवारा
आय५-११३५जी७.

वाचनमात्र
सापडलं. तुमची एसएसडी धडधाकट असण्याचीच शक्यता जास्त.
अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची गोष्ट बायोसमध्ये चालू करूनच येते. एसएसडी त्या कंट्रोलरच्या मागे बसते. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर असतो, पण कोऱ्या सेटअपमध्ये बहुधा नसतो. त्यामुळे सेटअपच्या लेखी लॅपटॉपमध्ये ड्राइव्हच नाही.
दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर जा, मॉडेल नंबर टाका, स्टोरेजच्या सदरातून इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर उतरवा. ती नुसती ईएक्सई फाईल पेनड्राइव्हवर टाकून भागत नाही, इथेच बहुतेक जण अडकतात. सेटअपला आयएनएफ आणि एसवायएस फायली लागतात. म्हणून ती आधी उलगडून घ्या, आत एफ६ किंवा व्हीएमडी अशा नावाचं फोल्डर मिळतं, ते फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा. त्याच पेनड्राइव्हवर चालेल. मग त्या रिकाम्या पानावर लोड ड्रायव्हर, ब्राउझ, फोल्डर निवडा. दोन नावं दिसली तर ज्यात ९ए०बी आहे ते घ्या, "मॅनेज्ड कंट्रोलर" लिहिलेलं नव्हे.

खटपट्या
याच्या निम्म्या वेळात बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करता येतं. एकुलती एक एसएसडी असलेल्या लॅपटॉपला व्हीएमडीचा उपयोग शून्य. बंद केलं की सेटअपला ड्राइव्ह लगेच दिसतो.

वाचनमात्र
दिसतो, मान्य. पण ती सोय प्रत्येक बायोसमध्ये उघडी नसते. आणि बंद केल्यावर आतलं जुनं विंडोज सहसा सुरू होत नाही, निळा पडदा येतो.

खटपट्या
जुनं विंडोज उडवायचंच आहे ना? मग त्याचा निळा पडदा येवो नाहीतर हिरवा.

वाचनमात्र
काम अर्ध्यावर राहिलं तर परतायची वाट उघडी राहावी, एवढंच म्हणणं.

मितभाषी
मुळात फॉरमॅट कशासाठी? आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू आहे का?

उनाडवारा
अपडेटनंतर ऑटोमॅटिक रिपेअरच्या पुढे जातच नाही, गोल गोल फिरतंय. तिथला अनइन्स्टॉल अपडेट्सचा पर्यायही करून झाला. बिटलॉकर मी कधी चालू केलेलं नाही. तो प्रश्नच नाही. ड्रायव्हर उतरवतोय.

वाचनमात्र
तुम्ही केलं नसेल, त्याने स्वतःहून केलं असेल. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या पुष्कळ लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन न विचारता चालू होतं, आणि त्यात सीबरोबर डीसुद्धा येतो. एरवी कळत नाही, कारण डी उघडायची व्यवस्था सीवर ठेवलेली असते. सी फॉरमॅट केला की ती व्यवस्थाही गेली, आणि डी ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसतो.
तेव्हा फॉरमॅटचं बटण दाबायच्या आधी मोबाइलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, रिकव्हरी कीचं पान उघडा. ओएसव्ही लिहिलेली की सीची, एफडीव्ही लिहिलेली डीची. दोन्ही कागदावर उतरवा. तिथे काहीच नसेल आणि लॅपटॉप ऑफिसचा असेल, तर की ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे असते.

पेंग्विनप्रेमी
माझं नको असलेलं लिनक्स इथे उपयोगी पडेल बघा. इन्स्टॉल करू नका, नुसतं दुसऱ्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा. हल्लीच्या लिनक्सला व्हीएमडीच्या मागची एसएसडी दिसते. डी उघडा, सगळं एक्स्टर्नल डिस्कवर काढून घ्या. एन्क्रिप्ट असेल तर तिथेच की विचारेल. ज्या डेटाची एकच प्रत आहे त्याच्या शेजारच्या पार्टिशनवर फॉरमॅट चालवायला माझा तरी हात धजावणार नाही.

वाचनमात्र
याला शंभर टक्के दुजोरा. उनाडवारा, एवढं कराच.

शंकासुर
चांगला धागा. याच संदर्भात एक शंका. जुना कॉम्प्युटर देऊन टाकायचा आहे, क्विक फॉरमॅट केला तर पुरेसं आहे का? की कुणी आतले फोटो परत काढू शकतं?

जुनाखोड
अजिबात पुरेसं नाही. किमान सात वेळा पुसावं लागतं. खरं तर ३५ वेळा. रात्रभर लावून ठेवा.

पेंग्विनप्रेमी
३५ वेळांची गोष्ट पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधातली, त्या काळच्या निरनिराळ्या डिस्कसाठीची. ती सगळी आवर्तनं एकाच डिस्कवर चालवण्यात अर्थ नाही, असं पुढे गटमन यांनीच लिहून ठेवलंय.
क्विक फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका नवी करतो, मजकूर जागच्या जागी राहतो, तो काढता येतो. फिरत्या हार्ड डिस्कवर क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट एकदा करा, व्हिस्टापासून विंडोज त्यात सगळीकडे शून्यं लिहितं. एसएसडी असेल तर पुसत बसू नका, सिक्युअर इरेज वापरा. बऱ्याचदा बायोसमध्येच असतं.

शंकासुर
एसएसडी आहे की हार्ड डिस्क हे कसं ओळखायचं?

मितभाषी
वेगळा धागा काढा.

उनाडवारा
दिसली!!! ९ए०बी घेतला आणि यादी भरली. फायली काढल्या एक्स्टर्नलवर (पेंग्विनप्रेमी, आभार. पण लिनक्स नाही म्हणजे नाही). डीने की मागितलीच, खात्यात होती.
आता ड्राइव्ह ० ची पार्टिशनं दिसतायत. १०० एमबी सिस्टम, १६ एमबी एमएसआर, १५० जीबी प्रायमरी, ३२६ जीबी प्रायमरी आणि शेवटी ६०० एमबीच्या आसपासचं रिकव्हरी. सी-डी अक्षरं कुठेच नाहीत. कोणतं मारू?

खटपट्या
सगळी डिलीट करा. प्रत काढलीत ना? एक मोकळी जागा होईल, तीच निवडून नेक्स्ट. सिस्टम वगैरे विंडोज पुन्हा बनवून घेतं. एकदम स्वच्छ काम.

वाचनमात्र
सेटअपमध्ये अक्षरं दिसत नाहीत, आकारावरून ओळखायचं. सी १५० चा ना? तेवढंच निवडा, फॉरमॅट, नेक्स्ट. ३२६ ला स्पर्श नको. प्रत काढली म्हणून मूळ जाळायचं कारण नाही, निदान त्या प्रतीतल्या चार फायली उघडून बघेपर्यंत.

खटपट्या
जुनं सिस्टम पार्टिशन तसंच ठेवून वर नवं विंडोज, पुढे बूटची भानगड झाली तर मला बोलवू नका.

जुनाखोड
प्रॉडक्ट की आहे का पण? नसेल तर सगळं मुसळ केरात.

मितभाषी
विंडोज ८ पासून कारखान्यातून येणाऱ्या लॅपटॉपची की मदरबोर्डवरच असते. तीच आवृत्ती टाकली तर इंटरनेट जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. होमच्या जागी प्रो टाकू नका.

उनाडवारा
१५० फॉरमॅट केलं, विंडोज पडलं. आता नेटवर्क जोडा म्हणतंय आणि वायफायची यादी रिकामी! पुन्हा तेच. नेक्स्ट दबत नाही.

खटपट्या
शिफ्ट एफ१०, मग ओओबीई, उलटी तिरकी रेघ, बायपासएनआरओ. इंटरनेटशिवाय पुढे जाता येतं.

वाचनमात्र
ती वाट मायक्रोसॉफ्ट नव्या आवृत्त्यांत बुजवत चालली आहे, चालेल किंवा नाही चालणार. वायफायचा ड्रायव्हर नाही, एवढंच झालंय. मोबाइल केबलने जोडा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉपला ते तारेचं नेटवर्क वाटतं. आत गेलात की विंडोज अपडेट वायफायचा ड्रायव्हर स्वतःच आणेल.

उनाडवारा
झालं. आत आलो. डीची की टाकली, फोटो आहेत सगळे. खूप आभार.
पण आता वेगळंच. उद्या द्यायच्या मराठी फायली उघडतात, आत मात्र नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिडकाला. कॉपी करताना खराब झाल्या का? प्रत उघडली तरी तेच.

पेंग्विनप्रेमी
एन्क्रिप्शनमुळे बिघडल्या असतील.

जुनाखोड
काही बिघडलेलं नाही. हे माझ्या काळातलं प्रकरण आहे. त्या फायली युनिकोडमध्ये नाहीत, श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. आत मुळात रोमन अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट सीवरच्या विंडोज फोल्डरात होते, ते गेले. वर्डमध्ये त्या मजकुरावर कर्सर ठेवा, फॉन्ट मशीनवर नसला तरी वरच्या चौकटीत त्याचं नाव येतं. त्या फॉन्टची टीटीएफ फाईल मिळवा, राइट क्लिक करून इन्स्टॉल करा.

वाचनमात्र
जुनाखोड, हे बरोबर. बॅकअप काढताना फॉन्ट कुणाच्याच डोक्यात येत नाहीत.

शंकासुर
मग युनिकोडमध्ये बदलून का घेत नाही एकदाचं? त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात ना?

उनाडवारा
बदलेन नंतर, कन्व्हर्टर जोडाक्षरांची वाट लावतात, सगळं पुन्हा तपासावं लागेल. ऑफिसातल्या एकाकडून फॉन्ट मागवला, बसवला, मजकूर दिसायला लागला. आता पीडीएफ करून पाठवतो.

जुनाखोड
पीडीएफ करताना फॉन्ट त्यात एम्बेड होतोय ना ते बघा. नाहीतर समोरच्याला पुन्हा तोच गिचमिडकाला दिसेल.